पक्ष्यांचे सोबती : सलीम अली

चिमणी तुम्ही रोज पाहता. ती अंगणात दाणे टिपते, आरशावर चोच मारते, वळचणीला काड्या जमवते. तिच्याकडे आपण फारसे लक्ष देत नाही. परंतु एका चिमणीने एका मुलाचे सारे आयुष्य बदलून टाकले. त्या मुलाचे नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. पुढे सारे जग त्यांना डॉ. सलीम अली या नावाने ओळखू लागले.

सलीम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. या पोरक्या मुलांना त्यांचे मामू अमीरुद्दीन तैयबजी आणि मुमानी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवले. मामूंना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी भाचरांना काही कमी पडू दिले नाही. मात्र त्या घरात पक्ष्यांचा अभ्यास वगैरे कोणी करीत नव्हते. त्या काळातल्या खात्यापित्या घरांप्रमाणे तिथे शिकारीची आवड होती. बाजारातून आणलेल्या लावा आणि तितर पाळणे हा मुलांचा खेळ होता. अमीरुद्दीन मामूंनी छोट्या सलीमला एक छर्‍याची बंदूक दिली होती. ती घेऊन तो चिमण्यांमागे फिरे.

सलीम दहा-बारा वर्षांचा असताना एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! घरात वावरणार्‍या चिमणीला असा डाग नसतो. आता प्रश्न पडला, की ही चिमणी खाणे हलाल आहे की नाही? तुमच्यासारख्याच घरात वाढलेल्या मुलाला हा प्रश्न पडणे साहजिक होते. तो चिमणी घेऊन मामूंकडे गेला. मामूंनाही तो पक्षी ओळखता येईना. त्यांनी हो किंवा नाही असे उत्तर देऊन विषय संपवला असता, तर कदाचित आज हा पाठ लिहिण्याची वेळ आली नसती. अमीरुद्दीन मामू बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. 1883 साली स्थापन झालेली ही संस्था प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास करते. मामूंनी संस्थेचे सचिव मिलार्ड साहेब यांच्या नावे एक चिठ्ठी लिहिली आणि सलीमला एकट्याला तिकडे पाठवले.

इंग्रजांचे राज्य होते. साहेबासमोर जायचे म्हणजे त्या मुलाची छाती धडधडत असणारच. पण मिलार्ड साहेब प्रेमळ निघाले. त्यांनी ती चिमणी लगेच ओळखली. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. मग त्यांनी कपाटांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. त्यांत भुसा भरून जपलेले शेकडो पक्षी ओळीने मांडलेले होते. आपल्या देशात एवढ्या प्रकारचे पक्षी आहेत, हे सलीमला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. मिलार्ड साहेबांनी त्याला वाचायला पुस्तके दिली. पक्ष्याची कातडी कशी सोडवावी, ती कशी टिकवावी आणि तिच्यावर तारीख व ठिकाण कसे लिहावे, हेही तो त्याच संस्थेत शिकला.

याच सुमारास सलीमने वहीत एक नोंद केली होती. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात एका चिमणीने घरटे केले होते. मादी आत अंड्यांवर बसे आणि नर बाहेर एका खिळ्यावर पहारा करी. सलीमने बग्गीच्या आड लपून तो नर टिपला. थोड्याच वेळात त्या खिळ्यावर दुसरा नर येऊन बसला. त्याने तोही टिपला, तर तिसरा हजर! सात दिवसांत त्याने आठ नर मारले. प्रत्येक वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल आणि वाटायलाच हवे. परंतु एक गोष्ट लक्षात घ्या. दुसर्‍या एखाद्या मुलाने मारलेल्या चिमण्या मोजून बढाई मारली असती. सलीमने मात्र मादीजवळ पुन्हा पुन्हा नवा नर कसा येतो, हे लिहून ठेवले. सुमारे साठ वर्षांनी ती नोंद छापली गेली, तेव्हा जाणकारांनाही तिचे महत्त्व पटले.

शाळेत मात्र सलीमची प्रगती बेताचीच होती. गणिताशी त्याचे कधी जमले नाही. त्यात डोकेदुखीचा आजार जडला. कोरड्या हवेत बरे वाटेल म्हणून त्याला काही काळ सिंध प्रांतात नातेवाइकांकडे ठेवले. 1913 साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. सेंट झेवियर कॉलेजात नाव घातले, पण शिक्षण अर्धवट सोडून तो ब्रह्मदेशातील तवॉय येथे गेला. तिथे त्याच्या भावाचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्याने काही हाताला लागले नाही, परंतु तिथल्या घनदाट जंगलात पक्षी भरपूर दिसले. परतल्यावर त्याने व्यापारी कायदा आणि हिशेब शिकण्यासाठी दावर कॉलेजात प्रवेश घेतला. सेंट झेवियरमधील फादर ब्लाटर यांनी मुलाचा खरा कल ओळखला आणि त्याला प्राणिशास्त्राचे वर्ग करायला लावले. अशा रीतीने सकाळी हिशेब आणि दुपारी प्राणिशास्त्र असे शिक्षण झाले. 1918 साली त्यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला.

पदवी नसल्याचा फटका लवकरच बसला. प्राणिशास्त्राच्या सरकारी खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा होती, पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून सलीम अली यांना ती मिळाली नाही. अखेर 1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांना नोकरी मिळाली. पगार महिना 350 रुपये होता. लोकांना पशुपक्ष्यांची माहिती समजावून सांगणे हे त्यांचे काम.

या काळात त्यांनी मोगल बादशहांच्या निसर्गप्रेमावर लेख लिहिले. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता, तेव्हा जहांगीर बादशहाचे नाव तुम्हाला ठाऊक आहेच. त्याचेही मूळ नाव सलीम! हा सलीम शिकारी होता, तसाच निरीक्षकही होता. सारस पक्ष्यांच्या जोडीला त्याने लैला आणि मजनू अशी नावे दिली होती. ती जोडी घरटे केव्हा करते, अंडी कोण उबवते, पिल्ले केव्हा निघतात, हे तो दिवस मोजून लिहीत असे. 1612 साली मुकर्रब खानाने गोव्याहून बादशहासाठी काही अजब प्राणी आणले. त्यांत टर्की हा अमेरिकेतून आलेला पक्षी होता. बादशहाने त्याचे वर्णन लिहून ठेवले आणि उस्ताद मन्सूर या चित्रकाराने त्याचे हुबेहूब चित्र काढले. त्या वेळी कॅमेरा नव्हता. मन्सूरची कुंचलीच कॅमेर्‍याचे काम करी.

परक्या देशांतले पक्षी आपल्याकडे आले, तसे आपले पक्षीही बाहेर गेले. आपली साळुंकी, जिला उर्दूत मैना म्हणतात, पिकांवरची कीड खाईल या आशेने लोकांनी मॉरिशसला आणि ऑस्ट्रेलियाला नेली. तिथे ती एवढी वाढली, की तिथल्या मूळच्या पक्ष्यांना तिचा जाच होऊ लागला. आपला हिरवा पोपट आज लंडनच्या बागांत थव्याने उडतो. लाल मुनिया पिंजर्‍यात बसून दूरदूरच्या देशांत पोचली. पक्षी आपल्या पंखांनी येतो आणि माणसाच्या हातानेही येतो. म्हणून एखादा पक्षी दिसला, की तो इथला मूळचा आहे की पाहुणा, हा प्रश्न अभ्यासकाला विचारावाच लागतो.

नोकरीत राहून सलीम अली यांना आपले शिक्षण अपुरे वाटू लागले. 1928 साली ते रजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात प्राध्यापक श्ट्रेझेमान नावाचे थोर पक्षितज्ज्ञ होते. सलीम अली त्यांना आपले गुरू मानत. परदेशात मान मिळाला आणि शिक्षणही झाले. परंतु 1930 साली मायदेशी परत येतात तो काय, पैशाच्या टंचाईमुळे म्युझियमने त्यांची जागाच रद्द केली होती! घरी पत्नी, वय चौतीस आणि हाती काम नाही.

ते पती-पत्नी मुंबईचा खर्च टाळण्यासाठी अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात राहायला गेले. पावसाळा सुरू झाला होता. घराजवळच्या झाडांवर सुगरणींनी घरटी विणायला घेतली होती. उर्दूत ज्याला आपण बया म्हणतो, तोच हा पक्षी. आपल्या मुरुमच्या शिवारातही विहिरीवर झुकलेल्या बाभळीला त्याचे खोपे लोंबताना तुम्ही पाहिले असतील. दुसर्‍या कोणी बेकार माणसाने खिडकीतून ते खोपे पाहिले असते आणि सुस्कारा टाकला असता. सलीम अली यांनी आडोसा तयार केला, त्यात लपून बसले आणि वही उघडली. दिवसामागून दिवस, तासन् तास ते तिथे बसून होते.

मराठीत या पक्ष्याला सुगरण म्हणतात. सुगरण म्हणजे घरकामात हुशार बाई. पण गंमत अशी, की खोपा विणते ती सुगरण नव्हेच. तो विणतो नर! गवताच्या पात्याच्या लांब चिरफळ्या चोचीने काढून तो फांदीला गाठ मारतो, कडे करतो आणि खोपा अर्धा झाला की थांबतो. मग माद्यांचा थवा येतो. नर पंख फडफडवून त्यांना बोलावतात. एकेक मादी आत शिरून खोपा तपासते आणि पसंत पडला तरच तिथे राहते. तिने होकार दिला, की नर उरलेला खोपा पुरा करतो आणि खाली लांब नळीसारखे दार विणतो. मादी अंडी घालून उबवायला बसली, की हे महाशय शेजारी दुसरा खोपा सुरू करतात आणि दुसर्‍या मादीची वाट पाहतात. कधी तिसराही होतो. नापसंत झालेले अर्धे खोपे तसेच वार्‍यावर हलत राहतात.

हे सगळे कोणत्याही पुस्तकात अशा रीतीने लिहिलेले नव्हते. सलीम अली यांचा याविषयीचा लेख 1931 साली सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला आणि देशोदेशीच्या अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. नोकरी गेली नसती, तर हा पावसाळा त्यांना कुठून मिळाला असता?

पोटापाण्याचा प्रश्न तरी सुटलेला नव्हता. त्या वेळी देशात अनेक संस्थाने होती आणि तिथल्या पक्ष्यांची शास्त्रीय यादी झालेली नव्हती. सलीम अली यांनी एक तोड काढली. पगार नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, मी तुमच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी करतो, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. पहिली मोठी पाहणी झाली ती 1931-32 मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मुलांनो, आपला धाराशिव, म्हणजे त्या वेळचा उस्मानाबाद जिल्हा, याच संस्थानात होता. आपले मुरुमही त्यातच आले. या मुलखाच्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर नोंद व्हायला सुरुवात झाली ती अशी, बिनपगारी माणसाच्या हातून. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी कितीतरी संस्थाने त्यांनी पालथी घातली.

या भटकंतीत तेहमिना त्यांच्या बरोबर असत. त्या विलायतेत शिकल्या होत्या. मनात आणले असते तर आरामात राहू शकल्या असत्या. परंतु त्यांनी तंबूतला संसार पत्करला. सलीम अली यांचे इंग्रजी लेखन इतके सुबक झाले, त्यात तेहमिनांचा मोठा वाटा होता. 1939 साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अली यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी दुसरा विवाह केला नाही. बहिणीने आणि मेहुण्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि ते पुन्हा रानात जाऊ लागले. 1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. शाळेतल्या मुलालाही पक्षी ओळखता यावा, असे ते पुस्तक आहे. त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या.

आता तुम्ही विचाराल, की पक्ष्यांवर एवढे प्रेम करणारा माणूस पक्षी मारत कसा होता? हा प्रश्न अगदी योग्य आहे. त्या काळी दुर्बिणी थोड्या होत्या आणि हाताशी धरण्यासारखी पुस्तकेही नव्हती. दोन सारखे दिसणारे पक्षी वेगळे आहेत की एकच, हे ठरवण्यासाठी नमुना हाती घ्यावा लागे. शास्त्रासाठी नमुने गोळा करणे जरूर आहे, असे सलीम अली शेवटपर्यंत म्हणत. परंतु मौजेसाठी केलेली कत्तल त्यांना मान्य नव्हती. मला वाटते, हा भेद त्यांच्यापुरता प्रामाणिक होता. तरी आज आपल्याला बंदुकीची गरज नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्षी मारण्यावर आणि पकडण्यावर बंधने घातली आहेत. पिंजर्‍यातला पोपटसुद्धा या कायद्यात येतो. कोणाच्या घरी असेल तर त्याला जरूर सांगा.

बंदुकीची जागा कॅमेर्‍याने घेतली, तो बदल सलीम अली यांच्या डोळ्यांसमोरच झाला. त्यांचे एक मित्र होते लोके वान थो. ते सिंगापूरचे, चित्रपटगृहांचे श्रीमंत मालक. दुसर्‍या महायुद्धात 1942 साली जपानी फौजा सिंगापूरवर चालून आल्या, तेव्हा ते जहाजाने निघाले. जहाजावर बॉम्ब पडला. ते भाजले आणि काही काळ त्यांची दृष्टीही गेली होती. तशातून वाचून ते हिंदुस्थानात आले आणि मुंबईत त्यांची सलीम अली यांच्याशी गाठ पडली. लोके यांना पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा नाद होता. दोघांनी मिळून पुष्कळ प्रवास केला. लोके यांनी सलीम अली यांच्या मोहिमांना पैशाचीही मदत केली. 1964 साली तैवानमध्ये झालेल्या विमान अपघातात लोके यांचा अंत झाला.

तेव्हा पक्ष्याचे छायाचित्र काढणे म्हणजे आजच्यासारखे बटण दाबणे नव्हते. कॅमेरा जड, फिल्म मोजकी. घरट्याजवळ कापडाचा लहान तंबू उभारायचा. तोही एकदम नाही. आधी दूर ठेवायचा आणि पक्ष्याला सवय झाली की थोडा पुढे सरकवायचा. मग दोन माणसांनी आत जायचे आणि एकाने बाहेर पडून निघून जायचे. पक्ष्याला बहुधा हा हिशेब लागत नाही. त्याला वाटते, धोका टळला. आत राहिलेला माणूस मात्र घामाने निथळत, न खोकता, न हलता बसून राहतो. पक्षी घरट्यावर आला नाही, तर अंडी थंड होतात किंवा पिल्ले उपाशी राहतात. म्हणून चित्र मिळाले नाही तरी चालेल, पण घरटे सुटता कामा नये, हे चांगल्या छायाचित्रकाराला कळावे लागते. हल्ली मोबाईल घेऊन घरट्यात डोकावणार्‍या मुलांनी हे ध्यानात ठेवले तर पुष्कळ पिल्ले वाचतील.

सलीम अली अंगाने किरकोळ, पण हौस दांडगी. त्यांना मोटारसायकलींचे वेड होते. 1950 साली स्वीडनमध्ये पक्षितज्ज्ञांची जागतिक परिषद भरली. त्यासाठी त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल बोटीने युरोपात नेली आणि तिच्यावर बसून परिषदेला गेले. तेव्हा त्यांचे वय चोपन्नाच्या घरात होते!

1968 ते 1974 या काळात त्यांचा आणि अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांचा, भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सरकारने त्यांना 1958 साली पद्मभूषण आणि 1976 साली पद्मविभूषण दिले. 1985 साली ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले. ज्याला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली, त्याला विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टर केले. 1976 साली मिळालेल्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची मोठी रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. भरतपूरचे पाणथळ आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचवण्यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले.

त्यांचे एक म्हणणे मात्र मान्य झाले नाही. राष्ट्रीय पक्षी कोणता असावा, याची चर्चा चालू असताना त्यांनी माळढोकाचे नाव सुचवले होते. माळढोक म्हणजे आपल्या माळरानावरचा मोठा, जड पक्षी. मोराला सगळे ओळखतात आणि जपतात, माळढोकाला मात्र कोणी वाली नाही, म्हणून त्याला हा मान द्यावा असा त्यांचा विचार होता. 1963 साली मोराची निवड झाली. मोर सुंदर आहे, यात वाद नाही. पण सोलापूरजवळ नान्नज येथे 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, तिथेही आता तो क्वचितच दिसतो. सार्‍या देशात मिळून दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असावेत, असा अंदाज आहे. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या आणि वर्षाला एखादेच अंडे घालणारा हा पक्षी मागे पडला.

1987 साली, वयाच्या नव्वदीत, मुंबईत सलीम अली यांचे निधन झाले. छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली दरवाजाजवळच्या तलावाला सलीम अली सरोवर म्हणतात. गोव्यात चोडण बेटावरील पक्षी अभयारण्याला त्यांचे नाव आहे. मराठीतले निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा 12 नोव्हेंबर. 2020 पासून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

सलीम अली यांचा एक शोध तेवढा अपुरा राहिला. कुमाऊँच्या तराईत त्यांनी कित्येक वर्षे हरवलेली फिनची सुगरण पुन्हा शोधून काढली. परंतु हिमालयातला डोंगरी लावा त्यांना सापडला नाही. नैनितालच्या बाजूला 1876 साली तो शेवटचा मिळाला होता. त्यानंतर तो कोणालाही खात्रीने दिसलेला नाही. तरी उंच गवताच्या उतारांवर पक्षिमित्र अजूनही त्याला शोधत फिरतात.